पहिल्या ओळीतलं वचन



ज्या घरात कुणी संगणकाचं शिक्षण घेतलं आहे, त्या घरातली एखादी जुनी वही काढून तिचं पहिलं पान पाहा. 'सी' नावाच्या भाषेतला पहिला प्रोग्रॅम तिथं उतरवून घेतलेला असेल आणि त्याची पहिली ओळ बहुधा एकच असेल. आधी हॅशचं चिन्ह, त्याला लागून 'इन्क्लूड' हा शब्द आणि पुढं कोनी कंसात 'एसटीडीआयओ डॉट एच'. शिक्षकांनी फळ्यावर लिहिली, मुलांनी उतरवून घेतली. ही ओळ कशासाठी, असं कुणी विचारलंच तर उत्तर मिळतं, "ती लिहावीच लागते. पुढं कळेल." पुष्कळांना ते पुढंही कळत नाही. परीक्षा होते, नोकरी लागते आणि पत्रावर मायना घालावा तशी ही ओळ सवयीनं लिहिली जाते.

ती वाचण्यातही गंमत आहे. आमच्या पिढीला एसटीडी म्हटलं की पिवळ्या पाटीचं टेलिफोन बूथ आठवतं. नव्या मुलांना त्यात 'स्टुडिओ' दिसतो. काही जण खरोखरच मध्ये एक 'यू' घालून 'स्टुडिओ डॉट एच' असं टंकतात आणि मग 'अशी फाइल सापडत नाही' म्हणून संगणक अडून बसतो. प्रत्यक्षात एसटीडी म्हणजे स्टँडर्ड आणि आयओ म्हणजे इनपुट-आउटपुट. मजकूर आत घेण्याची आणि बाहेर दाखवण्याची प्रमाणित सोय. शेवटचा 'एच' आहे हेडरचा. म्हणून अशा फाइलीला हेडर फाइल म्हणतात. डोक्यावर बसते ती हेडर.

मी कवी माणूस. बी. ए. झालो तेही मराठी घेऊन. हा विषय माझ्या घरात आला तो माझ्या मुलीबरोबर. ती संगणकाची पदवी घेत होती आणि तिला मोठ्यानं वाचायची सवय होती. 'डिक्लरेशन', 'डेफिनिशन', 'लिंकर' असे शब्द स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचे. मी विचारायचो, ती समजावायची. एकदा ती म्हणाली, "अब्बा, हेडर म्हणजे दुसरं काही नाही. कोण काय करून देणार आहे, एवढं त्यात लिहिलेलं असतं. करणारा दुसरीकडेच बसलेला असतो." हे वाक्य माझ्या मनात राहिलं. शब्द देणं आणि तो पाळणं यांतलं अंतर हा तसा आमचाच विषय. पुढं मी त्याबद्दल जमेल तितकं वाचत गेलो. आजचं बोलणं त्यातूनच आलेलं आहे.

आधी ही ओळ काय करते ते पाहू. सी भाषेत लिहिलेला मजकूर यंत्राला थेट कळत नाही. त्याचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा एक प्रोग्रॅम असतो, त्याला कंपायलर म्हणतात. हा कंपायलर फाइल वरून खाली वाचत जातो. वाचता वाचता त्याला 'प्रिंटएफ' असं एक नाव भेटतं. पडद्यावर मजकूर उमटवणारं हे फंक्शन. पण कंपायलरला ते कुठं माहीत असतं? ते तुमच्या फाइलीत नाही. त्याला काय द्यायचं, किती द्यायचं, ते परत काय देईल, हे कळल्याशिवाय त्याला पुढचं भाषांतर करता येत नाही. ही माहिती असते त्या हेडर फाइलीत. 'इन्क्लूड' म्हटल्याबरोबर हेडरमधला सगळा मजकूर त्या ओळीच्या जागी जसाच्या तसा आणून ठेवला जातो. यात जादू काही नाही. एका कागदावरचा मजकूर दुसऱ्या कागदावर चिकटवावा, इतकंच साधं हे काम आहे.

आता एक गैरसमज दूर करायला हवा. पुष्कळांना वाटतं, प्रिंटएफचं सगळं काम त्या हेडरमध्येच लिहिलेलं असतं. तसं नसतं. हेडरमध्ये असते फक्त ओळख: हे नाव, याला हे द्यावं, हा हे परत करील. काही प्रकारांची वर्णनं आणि काही ठरलेल्या संख्याही असतात. प्रत्यक्ष काम करणारा मजकूर आधीच यंत्रभाषेत होऊन लायब्ररीत, म्हणजे एका वेगळ्या साठ्यात, पडलेला असतो. कंपायलरचं काम संपलं की लिंकर नावाचा तिसराच प्रोग्रॅम येतो आणि तुमच्या फाइलीतलं नाव आणि साठ्यातलं काम यांची गाठ घालून देतो.

गणिताचं उदाहरण घ्या. वर्गमूळ काढणारं 'एसक्यूआरटी' हे फंक्शन वापरायचं तर 'मॅथ डॉट एच' हे हेडर लागतं. पण पुष्कळ युनिक्स आणि लिनक्स यंत्रांवर एवढ्यानं भागत नाही. जोडणी करताना गणिताचा साठाही घे, असं लिंकरला वेगळं सांगावं लागतं. ते राहिलं तर कंपायलर खूश असतो आणि लिंकर तक्रार करतो. म्हणजे आमंत्रणपत्रिकेत आचाऱ्याचं नाव छापलं, पण आचाऱ्याला निरोपच धाडला नाही, अशी अवस्था.

ओळखीला म्हणायचं डिक्लरेशन आणि प्रत्यक्ष कामाला डेफिनिशन. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर एक सातबाराचा उतारा आणि दुसरी जमीन. उतारे कितीही काढा, चालतात. बँकेत एक द्या, सोसायटीत एक द्या. जमीन मात्र एकच असते. एखादा नवशिका चुकून डेफिनिशनच हेडरमध्ये लिहितो. ते हेडर दहा फाइलींत घेतलं की दहा ठिकाणी त्याच जमिनीवर दहा मालक उभे राहतात आणि लिंकर हात वर करतो. म्हणून नियम असा, की हेडरमध्ये उतारा ठेवावा, जमीन ठेवू नये.

ही पद्धत आली कुठून? १९७० च्या आसपास अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, मरे हिल इथल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये डेनिस रिची आणि केन टॉम्पसन हे युनिक्स उभारत होते. त्यांच्या सुरुवातीच्या पीडीपी-११ या यंत्राची स्मृती होती २४ किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटो याच्या शंभरपटीहून मोठा असतो. एवढ्याशा जागेत मोठा प्रोग्रॅम एका दमात भाषांतरित करायचा म्हणजे अवघडच. तो लहान लहान फाइलींत तोडायचा, प्रत्येक फाइलीचं भाषांतर वेगळं करायचं आणि शेवटी सगळ्यांची जोडणी करायची, हा मार्ग सोयीचा होता. पण एकदा फाइली वेगळ्या झाल्या की एकीला दुसरीत काय आहे ते दिसत नाही. भिंत आली की निरोपाची गरज येते.

१९७२-७३ च्या सुमारास सी भाषेत 'इन्क्लूड'ची सोय आली. रिचींनी स्वतः नंतर लिहून ठेवलं आहे, की ॲलन स्नायडर यांचा तसा आग्रह होता आणि बीसीपीएल व पीएल-वन या आधीच्या भाषांत फाइल आत घेण्याची जी सोय होती तिचा उपयोगही दिसत होता. सुरुवातीला ती अगदी साधी होती: फाइल आत घेणं आणि एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवणं, एवढंच. पुढं माइक लेस्क आणि जॉन रायझर यांनी तिच्यात भर घातली.

आणखी एक नोंद मला फार बोलकी वाटते. ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांचं सी भाषेवरचं प्रसिद्ध पुस्तक १९७८ मध्ये निघालं. त्यात जगाला नमस्कार करणारा तो पहिला छोटा प्रोग्रॅम आहे. त्या आवृत्तीत त्याच्या डोक्यावर हेडरची ओळ नाही. १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीत तोच प्रोग्रॅम आहे आणि वर ती ओळ आली आहे. दहा वर्षांत एका ओळीची भर. ती का पडली, हे समजलं की हेडर फाइलीचं मर्म समजलं.

जुन्या सी भाषेत एक सवलत होती. एखाद्या फंक्शनची ओळख करून दिली नसली तरी कंपायलर अडवत नसे. तो मनाशी धरून चाले, की हे फंक्शन 'इंट', म्हणजे एक पूर्णांक, परत करणार. हा भाबडा विश्वास पुष्कळदा निभावून जाई, कारण खरोखरच अनेक फंक्शनं पूर्णांक देत. पण वर्गमूळ पूर्णांक नसतं. दोनाचं वर्गमूळ एक पूर्णांक चारशे चौदा सहस्रांशाच्या आसपास. हेडर न घेता ते मागितलं तर दोन ही संख्या चुकीच्या रूपात पाठवली जाई आणि उत्तर भलत्याच जागेतून उचललं जाई. प्रोग्रॅम थांबत नसे की ओरडत नसे. आत्मविश्वासानं चुकीचा आकडा छापून मोकळा होई.

याहून मोठा घोळ पुढं झाला. स्मृतीत जागा मागणारं 'मॅलॉक' नावाचं फंक्शन आहे. ते जागेचा पत्ता परत करतं. त्याची ओळख 'एसटीडीलिब डॉट एच' या हेडरमध्ये असते. ३२ बिटांच्या यंत्रांवर पत्ताही ३२ बिटांचा आणि पूर्णांकही ३२ बिटांचा. त्यामुळं कुणी ते हेडर घ्यायला विसरलं तरी काम चालून जाई. मग ६४ बिटांची यंत्रं आली. पत्ता ६४ बिटांचा झाला, पूर्णांक मात्र ३२ चाच राहिला. ओळख नसलेल्या जागी कंपायलरनं अर्धाच पत्ता जपून ठेवला आणि अर्धा टाकून दिला. घर क्रमांक ठेवला आणि गावाचं नाव पुसलं, तर टपाल कुठं जाणार? वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेले प्रोग्रॅम नव्या यंत्रावर कोसळू लागले. ज्यानं ती ओळ गाळली होती, तो कदाचित तोवर नोकरी सोडूनही गेला असेल.

१९८९ मध्ये अमेरिकेत सी भाषेचं प्रमाण ठरलं, तेव्हा फंक्शनची ओळख नीट, तपशिलासह देण्याची पद्धत तिच्यात आली. ही पद्धत सी प्लस प्लस या तिच्या धाकट्या बहिणीकडून घेतलेली. १९९९ च्या प्रमाणात ती भाबड्या विश्वासाची सवलतच काढून टाकली गेली. तरीही जीसीसी हा सर्वत्र वापरला जाणारा कंपायलर नुसती ताकीद देऊन सोडून देत असे. २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या चौदाव्या आवृत्तीनं ओळख नसलेल्या फंक्शनला नेमानं चूक ठरवून अडवायला सुरुवात केली. नियम झाला १९९९ मध्ये आणि कडक अंमल आला २५ वर्षांनी. नियम आणि अंमल यांतलं हे अंतर आपल्याला काही नवं नाही!

आता मोठ्या कामाकडे येऊ. समजा, एका पतसंस्थेचा हिशेब सांभाळणारा प्रोग्रॅम आहे. त्याच्या दहा फाइली आहेत. एकीत व्याज काढणारं फंक्शन आहे. त्याला मुद्दल, दर आणि वर्षं द्यायची, की ते व्याज देतं. बाकीच्या नऊ फाइली त्याचा उपयोग करतात. हेडर न करता प्रत्येकानं आपापल्या फाइलीत त्या फंक्शनची ओळख हातानं लिहून ठेवली. सुरुवातीला दर पूर्णांकात होता, आठ टक्के. पुढं साडेआठ टक्के आला, म्हणून फंक्शन लिहिणाऱ्यानं दराचा प्रकार बदलून अपूर्णांक केला. नऊ जणांपैकी सहांनी आपापली ओळ सुधारली, तिघांची राहिली. कंपायलर एका वेळी एकच फाइल पाहतो, म्हणून त्याला विसंगती दिसत नाही. आणि सी भाषेचा लिंकर फक्त नाव जुळतं का एवढंच पाहतो. नावामागचा तपशील तो तपासत नाही. नावं जुळली, गाठ बसली, प्रोग्रॅम तयार झाला. तीन ठिकाणी मात्र व्याज चुकीचं निघू लागलं. यात खोटं कुणीच बोललेलं नाही. प्रत्येकाजवळ वचनाची प्रत होती; फक्त ती वेगवेगळ्या तारखेची होती.

यावर उपाय म्हणजे हेडर. वचन एकाच जागी लिहायचं आणि दहाही फाइलींनी तेच वाचायचं. नऊ वापरणाऱ्यांनी तर वाचायचंच, पण दहावी फाइल, जिच्यात ते फंक्शन प्रत्यक्ष लिहिलेलं आहे, तिनंही ते हेडर आत घ्यायचं. ही गोष्ट नवशिक्यांना विचित्र वाटते. मीच लिहिलेलं काम, मग माझीच ओळख मला कशाला? पण सगळी मेख इथंच आहे. वचन देणाऱ्यानं स्वतःचं वचन समोर ठेवलं, तरच दिलेला शब्द आणि केलेलं काम यांत फरक पडला की कंपायलर जागच्या जागी पकडतो. नाही तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा प्रकार कुणाच्या लक्षातही येत नाही.

मला इथं गझल आठवते. गझलेचा पहिला शेर म्हणजे मतला. त्याच्या दोन्ही ओळींत कवी रदीफ आणि काफिया जाहीर करतो. वृत्तही तिथंच ठरतं. याला गझलेची जमीन म्हणतात. पुढचे शेर काय सांगतील ते मतल्यात नसतं, पण ते कोणत्या घाटात येतील हे असतं. मग मैफलीतला प्रत्येक श्रोता कंपायलर होतो. काफिया चुकला की माना थांबतात. आणि मतला श्रोत्यांइतकाच कवीलाही बांधून ठेवतो. गझल शिकवणारे उस्ताद शिष्याला आधी मतला पक्का करायला लावतात, त्याचं कारण हेच.

वचन एका जागी ठेवण्याची किंमतही असते. हेडरमध्ये एक अक्षर बदललं, की ते हेडर घेणाऱ्या प्रत्येक फाइलीचं भाषांतर पुन्हा करावं लागतं. कोणती फाइल कोणावर अवलंबून आहे ते ध्यानात ठेवून नेमकी तेवढीच कामं पुन्हा करणारं 'मेक' नावाचं साधन बेल लॅबोरेटरीजमध्येच स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये तयार केलं. म्हणून जाणते लोक हेडर आटोपशीर ठेवतात. बाहेरच्यांना जेवढं कळायला हवं तेवढंच त्यात ठेवायचं, आतली व्यवस्था आत. फाइल उघडण्यासाठी 'एफओपन' वापरणाऱ्या मुलाला आत कोणते कप्पे आहेत हे ठाऊक नसतं आणि त्याचं काही अडत नाही. उद्या ते कप्पे बदलले तरी त्यानं लिहिलेल्या मजकुरात फरक करावा लागत नाही. कार्यक्रमाचा प्रत्येक भाग आपला एक निर्णय पोटात ठेवील अशी रचना करावी, हा विचार डेव्हिड पार्नस यांनी १९७२ मध्येच मांडला होता.

आणखी एक लहानशी अडचण. हेडर दुसऱ्या हेडरला आत घेतं, ते तिसऱ्याला. अशानं एकच हेडर एका फाइलीत दोनदा येऊन पोचतं आणि एकाच प्रकाराचं वर्णन दोनदा आलं म्हणून कंपायलर रागावतो. त्यावरचा तोडगा आपल्या मतदान केंद्रासारखा आहे. हेडरच्या सुरुवातीला विचारायचं: अमुक खूण आधी केलेली आहे का? नसेल तर खूण कर आणि पुढचं वाच. असेल तर शेवटापर्यंत सगळं सोडून दे. बोटाला शाई असलेला माणूस पुन्हा रांगेत आला तरी हरकत नाही; त्याचं मत दुसऱ्यांदा पडत नाही.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या वहीत पहिल्या ओळीखाली आणखी एक ओळ हमखास सापडते, 'कॉनआयओ डॉट एच'. ही आली बोर्लंड कंपनीच्या टर्बो सी मधून. त्या निळ्या पडद्यावर देशभरातल्या असंख्य मुलांनी सी गिरवली आणि शेजारी बहुतेक वेळा नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' उघडं असायचं. कॉनआयओ मुळं पडदा पुसता येतो, कळ दाबेपर्यंत थांबता येतं. पण हे हेडर प्रमाणित यादीत कधीच नव्हतं. १९८९ च्या प्रमाणात १५ हेडरं होती. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रमाणात ती ३१ झाली आहेत. त्यांतही ते नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बिनबोभाट चाललेला प्रोग्रॅम लिनक्सवर नेला की दुसऱ्याच ओळीवर अडतो. मुलगा गोंधळतो, कारण पहिली ओळ साऱ्या जगाचा करार आणि दुसरी एका दुकानाची सोय, हा भेद त्याला कुणी सांगितलेला नसतो.

हेडर आणखी एका अर्थानं जागेची माहिती देतं. 'लिमिट्स डॉट एच' मध्ये त्या यंत्रावर पूर्णांक किती मोठा असू शकतो ते लिहिलेलं असतं. टर्बो सी मध्ये ती मर्यादा होती ३२,७६७. आजच्या नेहमीच्या यंत्रांवर ती २,१४,७४,८३,६४७ असते. आकडा पाठ करणारा फसतो; नाव वापरणारा तरतो.

पण हेडरवर किती विसंबावं, यालाही मर्यादा आहे. आपल्या पतसंस्थेकडे परत या. समजा, व्याजाच्या फंक्शननं वर्षांऐवजी महिने घ्यायला सुरुवात केली. प्रकार तोच, पूर्णांक. हेडरमधली ओळ बदललीच नाही. कंपायलरला काही वावगं दिसणार नाही आणि पाच वर्षांचं व्याज पाच महिन्यांचं होऊन बसेल. हेडर प्रकाराची हमी देतं, अर्थाची नाही.

याच जातीच्या चुकीनं एक यान गेलं. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर ११ डिसेंबर १९९८ ला निघालं आणि २३ सप्टेंबर १९९९ ला मंगळापाशी हरवलं. ती चूक हेडर फाइलीची नव्हती, पण दोन प्रोग्रॅममधल्या कराराचीच होती. यानाच्या छोट्या धक्क्यांचे आकडे जमिनीवरचा एक प्रोग्रॅम देत होता, दुसरा ते वापरत होता. आकडे मेट्रिक पद्धतीत, न्यूटन-सेकंदांत द्यायचे, असं लेखी ठरलेलं होतं. ते दिले गेले पौंड-सेकंदांत. दोन्हींत सुमारे साडेचार पटींचा फरक. आकडा आकड्याच्या जागी बसला, कुठलंही यंत्र अडलं नाही आणि यान ठरल्यापेक्षा मंगळाच्या फार जवळून गेलं. म्हणून चांगल्या हेडरमध्ये प्रत्येक ओळीशेजारी माणसांसाठीही चार शब्द लिहितात: दर टक्क्यांत, मुदत महिन्यांत, रक्कम पैशांत. कंपायलर ते वाचत नाही. माणसानं वाचायचे असतात.

अशा कागदावर मालकी कुणाची, हा वादही न्यायालयात गेला आहे. २००३ मध्ये एससीओ या कंपनीनं आयबीएमवर दावा लावला आणि त्याच वर्षाअखेर लिनक्स वापरणाऱ्यांना पत्रं पाठवून काही हेडर फाइली युनिक्समधून उचलल्याचं म्हटलं. त्यांत होत्या चुकांना दिलेल्या क्रमांकांच्या याद्या आणि तत्सम गोष्टी. युनिक्ससारखं वागू पाहणाऱ्या कोणत्याही यंत्रणेला ज्या सारख्याच ठेवाव्या लागतात त्या. यांतल्या काही फाइली आपण स्वतः लिहिल्या आहेत, असं उत्तर लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी दिलं. २०१० मध्ये ज्यूरीनं युनिक्सचे हक्क एससीओकडे नसून नोव्हेल कंपनीकडे असल्याचा निर्णय दिला आणि आयबीएमशी चाललेला वाद २०२१ मध्ये तडजोडीनं मिटला. त्याच वर्षी, ५ एप्रिलला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ओरॅकल आणि गुगल यांच्यातल्या खटल्याचा निकाल दिला. जावा या भाषेत हेडर फाइली नसतात, पण ओळखीच्या ओळी असतातच. अँड्रॉइडसाठी गुगलनं त्यांतल्या सुमारे ११,५०० ओळी घेतल्या होत्या. आतलं काम स्वतः लिहिलं होतं. सहा विरुद्ध दोन मतांनी न्यायालयानं हा वापर न्याय्य ठरवला. मात्र अशा ओळींवर मुळात हक्क सांगता येतो का, हा प्रश्न त्यानं निकालात काढला नाही. सर्वांनी वापरावं म्हणून जाहीर केलेला शब्द कुणाच्या मालकीचा, हे कोडं तसंच राहिलं आहे.

नव्या भाषांत वेगळी हेडर फाइल लिहावी लागत नाही. जावा किंवा गो यांसारख्या भाषांत कंपायलर ती ओळख स्वतःच कामातून काढून घेतो. सी प्लस प्लसमध्येही २०२० च्या प्रमाणापासून त्याच दिशेची सोय आली. पण लिनक्सचा गाभा, तुमच्या मोबाइलच्या पोटातला मोठा भाग, अनेक यंत्रांतल्या लहान लहान चिपा, हे सगळं आजही मोठ्या प्रमाणावर सी भाषेत आहे आणि तिथं हेडर फाइली आपलं काम करत आहेत. डेनिस रिची ऑक्टोबर २०११ मध्ये गेले. त्यांची बातमी फारशी गाजली नाही. पण त्या दिवशीही जगभरातले विद्यार्थी वहीत तीच पहिली ओळ उतरवून घेत होते.

तेव्हा आपल्या घरातलं कुणी सी शिकत असेल, तर त्याला दोन गोष्टी जरूर सांगा. प्रोग्रॅम दोन फाइलींचा झाला की तिसरी हेडरची कर. कोण काय घेणार, काय देणार, ते आधी तिथं लिही, शेजारी माणसांना कळेल असं लिही आणि मगच कामाला लाग. दुसरी गोष्ट, स्वतःच्या फाइलीतही ते हेडर पहिल्याच ओळीत घे. दिलेला शब्द इतरांनी वाचायचा असतोच. आपणही तो रोज वाचावा, म्हणजे कामात तो सुटत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)